आखाड्यातील मातीचा दाखला

ती घटना विसरण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ती विसरू देत नाही. म्हणून आधी क्रम आणि जबाबदार माणसे नोंदवतो. संक्रांतीनंतर परळच्या बाजूची, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची जमीन नव्या वसाहतीसाठी तपासली गेली. जबाबदार, तपासणी अधिकारी. होळीपूर्वी ती निर्धोक ठरली. जबाबदार, अहवाल न वाचता सही करणारे त्याचे वरिष्ठ. पाडव्याला भूमिपूजन झाले. जबाबदार, वसाहत समिती. त्यानंतर जे घडले, त्याला जबाबदार आमचे पोलीस ठाणे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. जमावबंदी लागू होती. पोलिसाला त्या दिवसांत कोणतीही गोणी दिसली तरी आत दगडच दिसत. एका सकाळी खबर आली, 'बाया पाट्यांत भाजीखाली दगड नेत आहेत.' मी त्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. भायखळ्याच्या रस्त्यावर आम्ही त्यांना अडवले. बायका चार-चारच्या गटांनी, अंतर राखून चालल्या होत्या, कारण पाच जणी एकत्र आल्या असत्या तर हुकूम मोडला असता. कायदा त्यांनी आमच्यापेक्षा काटेकोर पाळला होता.

ठाण्यात पाट्या उतरवल्या. मेथी बाजूला केली. खाली ओली, पिवळट माती.

"दगड कुठे लपवलेत?" मी विचारले.

पुढे उभी होती पन्नाशीची मालवणी बाई, एका गिरणी कामगाराची आई. "दगड खंय दिसतत तुका? हात घालून बघ."

हवालदार खेकसला, "साहेबांना 'तुका' म्हणतेस?"

"मगे काय म्हणू? माझ्या झिलाच्या वयाचो तो!"

मागच्या बायका पदराआड हसल्या. मी हसलो नाही. मात्र हवालदाराने खरोखर हात घातले आणि कोपरापर्यंत माती चिवडली. एकही दगड निघाला नाही.

चौकशीत कळले ते असे. तिच्या मुलाला वसाहतीत खोली मंजूर झाली होती. नात त्या मोकळ्या जागेत खेळायची. नातीच्या तळपायांना खोल व्रण पडले होते आणि ते भरत नव्हते. ही माती त्या तपासणी अधिकाऱ्याच्या टेबलावर ओतायची, एवढाच बायकांचा बेत होता.

"तुम्हाला खोली नको आहे का?" मी विचारले.

"होयी तर! चाळीत पाय पसरूक जागा नाय. पण आधी ती माती काढा. नातीक तेच्यात खेळवूक देवचंय नाय मी."

नियमाप्रमाणे माती गोण्यांत भरून मुद्देमाल म्हणून खोलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी हवालदार कामावर आला तो हात कपड्यात गुंडाळून. बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते. मुद्देमालाच्या खोलीत गोण्यांखालची फरशी पिवळी झाली होती. शिपायाने घासली तरी डाग हलला नाही. मी तपासणी अधिकाऱ्याला ठाण्यात बोलावले. दादरचे सुसंस्कृत गृहस्थ. खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांनी ती रुमालाने झटकली.

"नमुना कुठून घेतलात?"

"जागेवरूनच. लाल, चांगली माती होती."

"जागेवर कुठून?"

"कोपऱ्यात तालमीच्या पोरांचा आखाडा आहे, तिथून. बाकी जमीन राखेने आणि खडीने कडक झालेली. कुदळ चालेना. तेवढीच माती मऊ होती."

आखाड्याची माती तिथली नव्हती. तालमीच्या पोरांनी ती कोकणातून बोटीने आणली होती, चाळली होती, हळद, तेल आणि ताक घालून मळली होती. या गृहस्थांनी परळची जमीन तपासलीच नव्हती. त्यांनी कोकणाला निर्दोष ठरवले होते.

"पंच कोण होते?"

"मातीला पंच कशाला लागतात?" ते म्हणाले.

साध्या चाकूच्या जप्तीलाही आम्ही दोन पंच बोलावतो, लाखेची मोहोर लावतो. आणि जिथे पोरे रांगणार होती, त्या जमिनीचा नमुना एका माणसाने एकट्याने, हात दुखू नयेत म्हणून, मऊ जागेतून उचलला होता.

मी हे सर्व लिहून वर पाठवले. उत्तर तोंडी आले. "वसाहत सत्ताधाऱ्यांनाही हवी आहे आणि चळवळवाल्यांनाही. तुम्ही मध्ये कशाला पडता? 'दगड आढळले नाहीत' एवढे लिहा आणि बायकांना सोडा." बायका सुटल्या. मातीची रासायनिक तपासणी झालीच नाही. बेवारस मुद्देमाल म्हणून ती जिथून आणली तिथे टाकण्याचा हुकूम आला आणि आमच्याच गाडीतून, आमच्याच शिपायांनी ती त्या जमिनीवर परत नेऊन ओतली. खाकी वर्दीची मला इतकी लाज दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी वाटली नाही. मोर्च्यावरच्या लाठीमाराबद्दल आम्हाला निदान शिव्या तरी मिळाल्या. याबद्दल कोणी विचारलेही नाही.

बाई त्या वसाहतीत राहायला गेली. दुसरे घर नव्हते. तिने पदरमोड करून दारापुढे लाद्या बसवल्या आणि नातीला त्यांच्या खाली उतरू दिले नाही, असे पुढे ऐकले.

गेल्या महिन्यात ती नात माझ्याकडे आली. आता तिचेही केस पांढरे होत आले आहेत. वसाहत पाडून नवी बांधायची आहे.

"काका, आजी सांगून गेली होती, असं काही झालं की त्या साहेबांना गाठ. जमीन तपासणारे येऊन गेले."

"कुठे खणले?"

"आमच्या बागेत."

"बागेतच का?"

"तिथलीच माती मऊ आहे ना. आम्हीच टाकलीय, बाहेरून विकत आणून."

या प्रकरणाने मला शिकवले ते इतकेच: गुन्हा करायला दुष्टपणा लागत नाही, कुदळ जड वाटली तरी पुरते. जमीन तपासणाऱ्या कार्यालयाला मी पत्रे पाठवली, उत्तर नाही. म्हणून येथे जाहीर विचारतो. नमुना कोणी घेतला, कोणत्या जागेतून, किती खोलीवरून आणि कोणत्या दोन पंचांसमक्ष? उत्तर मला खासगीत नको. त्या वसाहतीच्या अंगणात, रहिवाशांसमोर द्या. आणि पुन्हा खणायला याल तेव्हा बाग सोडून, लाद्या उखडून खणा. पंच मिळत नसेल तर मी येतो.