लेक शिकवायला गेलो आणि तिच्याच हातच्या भाकऱ्या खाऊन आलो

राधानगरीकडं जायचंय म्हटल्यावर मी श्रमसंस्कार शिबिरात नाव घातलं. खोटं कशाला बोलू? सेवाबिवा काही डोक्यात नव्हती. थंडीतलं धरण, धुकं, जंगल, वर कॉलेजचे वाढीव गुण. आईनं विचारलं, "सात दिवस काय करणार तिथं?" मी म्हटलं, "गाव सुधारणार." तिनं स्वेटर तेवढा पिशवीत कोंबला.

तुम्हीही त्या बाजूला जाणार असाल तर कोल्हापुरात रंकाळा स्टँडवरून सकाळची एसटी पकडा. बायकापोरींना अर्धं तिकीट आहे, म्हणजे भेळीच्या पैशात राधानगरी. पण उसाचा हंगाम असेल तर घाई ठेवू नका. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सगळा रस्ता अडवून चालतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमतो, आणि गुऱ्हाळाचा वास खिडकीतून आत आला की भूक लागते. भोगावतीला बस थांबली की उतरून भजी घ्या. राधानगरीपासून पुढं वडापची जीप, तीही माणसं दाटून भरल्याशिवाय हलत नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माणसं लाख होती. "या पावणं, या!" म्हणत सरपंच स्वतः रस्त्यापर्यंत आले. हायस्कूलचे दोन मोठे वर्ग आमच्यासाठी मोकळे करून ठेवले होते, बाकं व्हरांड्यात एकावर एक रचलेली. आम्ही सतरंज्या टाकल्या, दोऱ्या बांधून टॉवेल वाळत घातले आणि दारावर बॅनर लावला: 'शिकेल लेक, उजळेल गाव'. या वर्गांत बसणारी पोरं आता कुठं बसतात, हे आम्हा साठ जणांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. एकालाही!

जेवण गावाकडून. गल्लीगल्लीनं पाळी लावलेली, पहिले तीन दिवस शाळेमागच्या गल्लीचे. नाचणीची भाकरी, झुणका, खर्डा, वर वाटीभर दही. अहाहा! वाढायला सानिका नावाची दहावीतली मुलगी आणि तिची चुलती. "अजून एक घ्या की ताई, बारकी हाय," म्हणत सानिका ताटात भाकरी टाकायची. मी चार-चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी श्रमदान. आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी बायकांनी झाडून काढलेला रस्ता आम्ही परत झाडला आणि फोटो काढले. संध्याकाळी देवळापुढं आमचं पथनाट्य. मी मुलीची आई झालेले आणि वर्गातला ओंकार माझा दारुडा नवरा. शेवटी मी छाती पिटून ओरडायचं, "माझ्या लेकीला मी चुलीपुढं बसवणार न्हाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीत सानिका दिसेल म्हणून मी पाहिलं, तर ती नव्हती.

ती कुठं असणार? चुलीपुढं. आमच्या भाकऱ्या थापत.

"नाटक बघाय का आली न्हाईस गं?"

"हितं बसून ऐकलं की. तुमचा आवाज लई खणखणीत हाय." तिचे हात थांबले नाहीत. पिठाच्या डब्याला टेकवून गणिताचं पुस्तक उघडं ठेवलं होतं, पानांवर पीठ उडालेलं.

"अभ्यास चाललाय?"

"उद्या गणिताचा पेपर हाय. सराव परीक्षा. देवळाच्या हॉलात भुईवर बसून लिव्हायचा. वर्ग तुमाला दिल्यात न्हवं?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी न्हाय जात पण. उद्याबी आमचीच पाळी. आज इंग्रजीलाबी न्हाय गेलो."

(आम्ही कोल्हापूरच्या पोरी गेलो-आलोच म्हणतो. लिहिताना तेवढी गेले-आले करायची, ती शाळेनं लावलेली सवय.)

"पप्पा म्हणाल्यात, सरावाला गणित सुटलं तर वारणानगरला डिप्लोमाला धाडतो. न्हायतर घरातच बस."

चुलती मागून म्हणाली, "बोर्डाला दील की नीट. पावणं उपाशी ऱ्हायलं तर गावाचं कसं दिसंल?"

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. तशीच सरांकडं गेले. सर म्हणजे आमचे शिबिरप्रमुख. ओट्यावर बसून चहा पीत होते, तोही सानिकानंच केलेला असणार.

"सर, उद्यापासून स्वयंपाक आपण करू. आणि वर्गही रिकामे करू."

"अगं, गावाला अपमान वाटेल. प्रथा आहे ती."

"पण त्या पोरीचा पेपर बुडतोय, सर. आपला विषयच मुलींचं शिक्षण आहे ना?"

"हे बघ, तुला नाटकात काम दिलंय ना? मग नाटकातच बोल."

हे वाक्य मला आजही डसतं. म्हणजे टाळ्यांपुरती आई व्हायचं, आणि खरी लेक समोर आली की तोंड मिटायचं? हेच शिकवायला आणलं होतं का आम्हाला?

सकाळी मी पोरांना सगळं सांगितलं. काहींनी अंगावर पांघरूण ओढलं. पण बरेच जण उठले. ओंकार म्हणाला, "मला भाकरी येत न्हाय, पण उपाशी ऱ्हायला येतंय." आम्ही चुलीपाशी गेलो तर चुलती आडवी झाली, "पावण्यांनी चुलीला हात लावायचा न्हाय!"

"मग आम्ही जेवत न्हाय, काकी."

पोह्यांची ताटं समोर आली. आम्ही ती बाजूला सारली आणि हात बांधून बसलो. कोल्हापूरकडच्या माणसाला काय वाट्टेल ते बोला, पण त्याच्या दारात पाव्हणा उपाशी बसला तर त्याला धरणी ठाव देत नाही. सरपंच धावत आले.

"काय चुकलं का आमचं, पावणं? मीठ-तिखट?"

"चवीला तोड न्हाय. सानिका पेपरला गेली की जेवतो."

"तिचा पेपर हाय? मला कुणी बोललं न्हाय."

"शाळेच्या किल्ल्या तर तुम्हीच दिल्यासा न्हवं?"

सर डोळे वटारून माझ्याकडं बघत होते. सरपंचांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग चुलतीला म्हणाले, "सोडा पोरीला."

सानिकानं हात धुतलेसुद्धा नाहीत. कंपासपेटी उचलली आणि पळाली. ओंकार आणि पोरांनी आमच्या सतरंज्या गुंडाळल्या, बाकं आत नेली, आणि गणिताचा पेपर वर्गात, बाकांवर झाला. आम्ही देवळाच्या हॉलात राहायला गेलो. बाकं उचलताना सरांनी आमचे फोटो काढले. तेच पुढं पेपरात आले: 'शिबिरार्थींचे शाळेसाठी श्रमदान'. लाज कशी वाटत नाही?

उरलेले दिवस चूल आमच्याकडं. चुलती शेजारी बसून शिव्या घालायची, "असल्या भाकऱ्या घातल्या तर म्हैस आटंल माझी!" पण पिठाचा डबा काही परत नेला नाही.

घरी आले तेव्हा आईनं विचारलं, "सुधारलं का गाव?" गाव बिघडलेलं नव्हतंच. आम्ही जाऊन बसलो म्हणून पोरं वर्गाबाहेर पडली, आणि त्यालाच आम्ही सेवा म्हणत होतो. प्रशस्तिपत्र आलंय, सरांच्या सहीचं. मी ते अजून पिशवीतून काढलेलं नाही. तुम्ही कुठल्या शिबिराला निघाला असाल तर जरूर जा, धरण बघा, भजी खा. पण पहिल्या दिवशी एवढं विचारा, की आपण झोपतोय तिथं एरवी कोण बसतं, आणि आपलं ताट वाढायला कोण थांबलंय.

परवा सानिकाचा फोन आला. गणित सुटलं होतं. इंग्रजीचा पेपर शाळेनं परत घेतला नाही, आणि पप्पा वारणानगरबद्दल 'बघू' म्हणालेत.

"आणि ताई, बोर्डाच्या आधी आणिक एका कॉलेजाचं शिबिर येतंय. विषय महिला सक्षमीकरण."

"मग गं?"

"सरपंच घरी आल्ते, भाकऱ्यांची पाळी लावाय. मी म्हटलं, ह्या बारीला पावण्यांना सांगा, पीठ आणि तवा संगं आणा, आणि शाळा सोडून कुठंबी झोपा."

"काय म्हणाले?"

"हसले." मग म्हणाली, "मी न्हाय हसलो."