ब्रेकचा बोल्ट

आमच्या गल्लीतला एक माणूस जुन्या इंग्लिश मोटारसायकली घेतो, चकाचक करतो आणि विकतो. टाकीवर बोटाचा डाग दिसला की लगेच रुमाल काढतो. बोलतो मात्र इतकं गोड, की गिऱ्हाइकाला खाली वाकून बघायचं भानच राहत नाही.

माझं लेथचं दुकान आहे, म्हणून परवा त्यानं एका गाडीचा पुढचा ब्रेक बघायला बोलावलं. ब्रेकची प्लेट जिथं बोल्टानं आवळतात, त्या भोकातले आटे पार झिजलेले. या गाड्यांचे आटे इंची मापाचे. यानं त्यात मिलिमीटरचा बोल्ट दामटला होता आणि हलू नये म्हणून नळाची पांढरी टेप गुंडाळली होती.

“भोकात लोखंडी बुश बसवून नवे इंची आटे पाडतो,” मी म्हटलं. “हा सुटला तर चाक जाग्यावर अडकंल.”

“कशाला? वरनं जुन्या बोल्टाचं डोकं चिकटवा की. बघणाऱ्याला तेवढंच दिसतंय.”

माझं डोकं फिरलं. तेवढ्यात गडमुडशिंगीचा एक तरुण बायकोसह गाडी न्यायला आला. दोघं तिथूनच पन्हाळ्याला निघणार होते. मी दोन बोटांनी बोल्ट फिरवून काढला आणि त्या बाईंच्या हातावर ठेवला.

“ह्याच्यावर ब्रेक हाय.”

त्यांनी बोल्ट मला परत दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला, एस्टीनं जाऊ.”

गाडीवाला शांतपणे मला म्हणाला, “उद्या कुरुंदवाडचं पावणं ही गाडी बघायला येणार हाय. तुम्ही तेवढं तुमच्या दुकानातच थांबा.”

मी बोल्ट खिशात टाकून तडक निघालो.

“न्या की!” तो मागून हसत ओरडला. “माझ्याकडं डबाभर हाईत!”