अप्पांची कात्री

माझे वडील अप्पाजी मास्तर देवमाणूस आहेत, असं हल्ली यशवंतपुरातली आमची सगळी गल्ली म्हणते. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चाळीस वर्षं हा माणूस आमच्या शिंप्याच्या दुकानात लाकडी पट्टी घेऊन बसला. शिवण जरा वाकडी गेली की ती पट्टी माझ्या बोटांवर पडायची. तेव्हा हा देव कुठे गेला होता?

आषाढात त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर स्वभावही गेला. आता कुणाकडेही बघून हसतात, चहा दिला तरी डोळ्यांत पाणी आणतात. शेजारच्या तुंगाक्का त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत मला शिकवतात, "पुण्य केलंस गं कावेरी, किती शांत झालेत मास्तर! तू पण स्वल्प हसून बोल की त्यांच्याशी." मी नाही हसत. ज्या माणसाशी माझं भांडण होतं तो न सांगता निघून गेला, आणि त्याच्या खुर्चीत हे कोण गोड म्हातारं बसलंय?

भांडण कात्रीवरून होतं. आजोबांची ती जड पोलादी कात्री. कापड बेतायचं ते पुरुषांनी, बायकांनी काजं-बटणं आणि हातशिलाई करायची. बाईने कात्री धरली की दुकान बसतं, हे अप्पांचं ठाम मत. म्हणून दर खंडेनवमीला पूजा झाली की ते ती कात्री माझ्या धाकट्या भावाच्या, वेणुगोपालच्या हातात द्यायचे. वेणू शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला सरळ रेघ कापता येत नाही. शकुनाला वीतभर कापड कापायचा, जेवायचा आणि दुपारच्या आत परत जायचा. इकडे अप्पांची नजर अधू झाल्यापासून दहा वर्षं दुकानातलं सगळं कापड मी बेततेय, बाजारातून आणलेल्या कात्रीने, पडद्यामागे बसून. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचं, मास्तरांनी कापलंय. मला ती आजोबांची कात्री हवी होती. एकदा, अप्पांच्या हातून.

या खंडेनवमीला वेणू आला नाही. कात्रीला हळदकुंकू मीच लावलं. तर अप्पांनी ती डाव्या हाताने उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"घे, पोरी."

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी मला 'पोरी' म्हटलं नव्हतं. माझे हात पुढे गेले सुद्धा. मग आठवलं, तासाभरापूर्वी त्यांच्या हाताचा व्यायाम करून घ्यायला आलेल्या गिरीराजपुढेही त्यांनी हीच कात्री अशीच धरली होती. तोच हात, तेच हसू. माझं डोकंच फिरलं.

पुढे मी जे केलं त्याची लाज वाटते. त्यांच्याच सदऱ्यासाठी आणलेलं रेघांचं कापड त्यांच्यासमोर पसरलं आणि त्याच कात्रीने मुद्दाम आडवं कापलं. पूर्वी एवढ्यात पट्टी बसली असती. मी वाट बघत होते.

अप्पा म्हणाले, "छान. छान."

"छान नाही!" मी ओरडले. "रेघा आडव्या गेल्यात! शिवी द्या ना अप्पा, आता का नाही देत?" खुंटीवरची पट्टी ओढून मी टेबलावर आपटली आणि त्यांच्याच आवाजात बोलले, "गाढवे, आडवं कापतेस? डोळे कुठे ठेवलेस?"

अप्पांनी डावा हात झटकन मांडीखाली लपवला आणि मान खाली घातली. मी अशीच लपवायची. अगदी अशीच.

पट्टी माझ्या हातातून खाली पडली. मी त्यांच्या खुर्चीजवळ बसले, तो हात ओढून बाहेर काढला आणि धरून ठेवला. माझा राग होताच अजून. त्या हाताची मूठ त्यांनी घट्ट आवळली होती.

"मारणार नाही, अप्पा," मी म्हटलं. हे वाक्य मला आयुष्यात एकदा त्यांच्याकडून ऐकायचं होतं.