नवसाचे पोहे

“नवसाचे नाहीत गं, साधेच,” पोह्यांची बशी पुढे करत आमच्या शेजारच्या आजी म्हणायच्या. ते ऐकलं की मला कळायचं, गाझाहून चांगली बातमी आलेली नाही.

हे तुम्हाला उलगडून सांगायला हवं. आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. जन्म अलिबागजवळचा, संसार इस्रायलमध्ये आणि म्हातारपण इथे लंडनमध्ये, पिनरला, लेकीकडे. “तिथे मला इंडियन म्हणायचे, इथे इस्रायली म्हणतात. अलिबागला गेले तर लंडनच्या आजी म्हणतील,” असं त्यांचं गाऱ्हाणं. भाजी कोपऱ्यावरच्या दुकानातली. दुकानदार गाझाचा. नारळ कानाशी हलवून निवडण्यावरून दोघांची रोज हुज्जत व्हायची आणि ती दोघांनाही हवी असायची.

मग युद्ध सुरू झालं. आजींचा नातू, मुलाचा मुलगा, तिकडे इस्रायलच्या सैन्यात, दुकानदाराची बहीण घर सोडून मुलांसह तंबूत. आता यांचं बोलणं संपलं, असंच मला वाटलं. आजींनी बरेच दिवस दुकानाची पायरी चढली नाही. एके सकाळी मात्र माझं दार वाजवून म्हणाल्या, “चल सोबत. एकटीचा पाय उचलत नाही.”

दुकानात त्यांनी पोह्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला आपला नवस सांगितला. त्यांच्यात नवस पुरा झाला की मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, सुका मेवा घालायचा, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचा. “माझा नातू घरी येऊ दे, तुझी बहीण घरी जाऊ दे. दोन्ही झालं की मलिदा. एकावर नाही.”

त्याने पाकीट उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, “तिचं घरच राहिलेलं नाही.”

“मग बांधून होईपर्यंत थांबू.”

त्याने पाकीट पिशवीत घातलं आणि वर मूठभर खजूर टाकले.

पाकिटावरची तारीख उलटत आली की आजी त्याचे कांदेपोहे करायच्या. एक डबा दुकानात जायचा, एक बशी मला, आणि घरात नवं पाकीट यायचं. शस्त्रसंधीच्या बातम्या यायच्या, विरून जायच्या. बहीण एका तंबूतून दुसऱ्या तंबूत हलायची. खरं सांगते, मला त्या पोह्यांचा कंटाळा आला होता आणि बातम्यांचाही.

नातू सुखरूप परतला तेव्हा लेक म्हणाली, “आई, आता तरी कर ना मलिदा.”

“अर्धा नवस फेडत नाहीत.”

इस्रायलहून आजींचा मुलगा फोनवर चिडला. त्यांच्यासाठी आमचा आनंद अडवून ठेवतेस का, म्हणाला. आजींनी फोन लेकीच्या हातात दिला आणि कांदा चिरायला घेतला. त्या दिवशी पोहे खारट झाले होते. आम्ही तसेच खाल्ले.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. घर आवरताना लेकीने न फोडलेलं पाकीट माझ्या हातात ठेवलं. तिला ते टाकवेना, मला शिजवता येईना. शेवटी मी ते दुकानदाराला नेऊन दिलं. त्याने ते काउंटरमागच्या फळीवर ठेवलं.

परवा भाजीला गेले तर त्याने तेच पाकीट काढून माझ्यापुढे सरकवलं. तारीख संपत आली होती. बहिणीचं विचारायला माझं तोंड उघडेना.

“साधेच,” तो म्हणाला. एवढाच मराठी शब्द त्याला येतो.

मग त्याने शेल्फवरून नवं पाकीट घेतलं आणि फळीवर त्याच जागी ठेवलं.