दत्तोबांची सायकल आणि प्लास्टिकचा मणका

बिबवेवाडीचे दत्तोबा सत्तरीतही सायकलवरून खडकीला जुन्या मित्रांकडे जात. मंडईत मात्र जरा चाललं की त्यांचे पाय भरून येत आणि पिशवी बायकोकडे देऊन ते खाली बसत. "खडकी जमते, भाजी तेवढी जमत नाही," तुळजाबाई म्हणायच्या. नवऱ्याच्या सगळ्या सबबी त्यांना पाठ होत्या.

शेवटी त्याच त्यांना मणक्याच्या डॉक्टर आलिमा शेख यांच्याकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मणका उचलला. तो ताठ धरल्यावर कमरेतली नळी अरुंद झाली आणि आतली पिवळी नस दबली. पुढे वाकवल्यावर नळी मोकळी झाली.

"चालताना माणूस ताठ असतो, सायकलवर वाकलेला. काकू, काका नाटक करत नाहीयेत."

तुळजाबाईंनी मणका हातात घेऊन स्वतः वाकवून पाहिला. दत्तोबा घरी येईपर्यंत खुशीत होते.

रविवारी मंडईला निघताना त्या म्हणाल्या, "अहो, सायकल घ्या."

आता दत्तोबा हँडलवर रेलून सायकल ढकलत मंडईभर फिरतात. पाय दुखत नाहीत. हँडलला दोन्हीकडे भरलेल्या पिशव्या असतात आणि पुढे तुळजाबाई, मोकळ्या हातांनी, आणखी भाजी निवडत.