न कळलेल्या कवितेतलं बुडणं

कॉलेजात दुसऱ्या दिवशी समुद्रावरची एक जुनी अमेरिकन कविता शिकवायची होती. तिची लय नीट सापडावी म्हणून दुपारी ओटीवर बसून मी ती मोठ्यानं वाचत होते, बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरत होते. शेजारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नाही. एका कडव्याची शेवटची ओळ संपली तसा त्यांचा हात सुपातच थांबला.

"कोण बुडालं गं यात?"

मी पुस्तकातून मान वर केली. कवितेत खरंच एक जहाज बुडतं. पण मी त्यांना त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"चढत चढत जातंय आणि एकदम गप्प होतंय. आमच्या भावाची होडी परत आली नाही, तेव्हा आमची आय अशीच रडत होती."

इतकी वर्षं मी या घरात आहे. सासूबाईंना भाऊ होता, हे मला त्या क्षणी कळलं. आधी अर्थ लावा, मग वृत्त पाहा, असं मी मुलांना शिकवत आले. इथे अर्थाला कुणी विचारलंच नव्हतं. मला पुढचं कडवं वाचवेना. मी पुस्तक मिटलं.

"मिटलंस का? संपली?"

"नाही, अजून थोडी आहे."

"मग वाच," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील म्हणून आयला आम्ही मध्येच गप्प केलं होतं."