टाकी कोणी केली

नाशिकच्या मोटरसायकल प्रदर्शनाला मी एकाच गाडीसाठी गेले होते. दिंडोरीच्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराने जुनी गाडी मोडून नवी घडवली होती. तिची पेट्रोलची टाकी मी अंबडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये केली होती, फवारणी यंत्राची जुनी स्टीलची टाकी कापून, ठोकून, अकरा दिवस खपून. बाकीच्या गाड्याही बघण्यासारख्या होत्या. एकीला ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर बसवला होता. त्याचा जोड मी वाकून दोनदा पाहिला.

आमच्या गाडीपुढे गर्दी होती. पाटीवर त्याचं एकट्याचं नाव. परीक्षकाने टाकीबद्दल विचारलं, तर हा म्हणतो, "सगळं घरीच केलं, सर. नवा पत्रा आणून."

माझं डोकंच फिरलं. मी पुढे झाले. "सर, टाकीखाली हात घाला. फवारणीच्या नळीचं भोक मी ठिगळ लावून बुजवलंय, ते बोटाला लागेल."

परीक्षकाने चाचपलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"काकू, रागावू नका, लिहायचं राहिलंच," म्हणत त्याने मार्करने पाटीवर लिहिलं : विशेष आभार, काकू.

"तुझ्या सातबाऱ्यावर नुसतं 'पुतण्या' लिहिलंय का रे?" मी विचारलं. लोक हसले. मला हसू आलं नाही. मी त्याच्या हातातला मार्कर ओढून घेतला, ती ओळ खोडली आणि आडनावासकट माझं पूर्ण नाव लिहिलं.